राजा उजव्या हाताला

वाहिनीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या यंत्राची घरघर भिंतीतून ऐकू येते अशा खोलीत चाळणीबाई बसतात. दारावर ‘तपासणी विभाग’ अशी पाटी आहे, पण विभाग म्हणजे बाई एकट्याच. या वाहिनीवर माहितीपट लागतात, तेही तीनच जातींचे: राजेरजवाडे, देशोदेशींची भटकंती आणि रानावनातली जनावरं. यातलं काहीही लोकांना दाखवायचं असेल तर ते आधी बाईंच्या चाळणीतून जावं लागतं. त्यांची सही नसेल तर राणी सिंहासनावर बसत नाही आणि अस्वल गुहेबाहेर पडत नाही.

बाईंच्या संशयाच्या गोष्टी उपाहारगृहात चवीने सांगितल्या जातात. एका धाडसी प्रवाशाने म्हणे एकट्याने वाळवंट ओलांडलं. शेवटच्या दृश्यात तो टेकडीच्या पायथ्याशी ठिपक्याएवढा होत जातो. बाईंनी कागदावर एवढंच लिहिलं, ‘साहेब एकटे होते, तर टेकडीवर कॅमेरा धरून कोण उभं होतं?’ चौकशी केली तर टेकडीवर सहा माणसं निघाली, त्यात एक स्वयंपाकी. एक राणी रोज सकाळी स्वतःच्या हाताने बाग करते असा दावा होता. बाईंनी तिच्या हातमोज्याला लोंबणारी दुकानाची चिठ्ठी दाखवून दिली. घनदाट अरण्यातल्या घुबडाच्या पायात त्यांनी कडी शोधली. थोडक्यात, बाई ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पितात. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की विचारतात, ‘हे यंत्र शेवटचं कधी तपासलं?’

त्यांच्या कामाचे दोन नियम होते. पहिला, एका तोंडून आली ती नुसती गोष्ट. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी सांगितली तर ती माहिती. दुसऱ्या नियमाला त्या ‘खोटा खिळा’ म्हणत. साक्षीदाराशी गप्पा मारता मारता एखादा तपशील मुद्दाम चुकीचा बोलायचा. ‘तेव्हा पाऊस होता ना?’ खोटा माणूस मान डोलावतो, कारण त्याला तुम्हाला खूश ठेवायचं असतं. खरा माणूस चिडतो. म्हणतो, कसला पाऊस, लख्ख ऊन होतं! तीस वर्षांत हा खिळा कधी वाकला नव्हता.

आता दिव्याखालचा अंधार. बाई राहत वडिलांबरोबर, आणि वडिलांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

आप्पा त्र्याऐंशी वर्षांचे. जन्मभर एका गॅरेजात ड्रायव्हर होते. लोकांना भाड्याने गाड्या द्यायच्या, त्या हेच चालवायचे. दोनच खोल्यांचं घर, खिडकीशी आप्पांची खुर्ची, समोर टीव्ही. दिवसभर मुलीचीच वाहिनी, आणि आवाज इतका की शेजाऱ्यांनाही सिंहाच्या सवयी पाठ झाल्या होत्या. या आप्पांची एकच गोष्ट होती. तरुणपणी एका लांबच्या बेटावरचा राजा या शहरात आला होता. सरकारी ड्रायव्हर तापाने आडवा झाला, गॅरेजातून आप्पांना बोलावणं गेलं, आणि तीन दिवस राजाची गाडी आप्पांनी चालवली. राजाला ना मेजवानीत रस ना भाषणांत. त्याला पक्षी बघायचे होते. म्हणून रोज त्याला घेऊन तळ्यावर जायचं. आणि राजा मागे बसायचा नाही! पुढे, आप्पांच्या शेजारी. “माझ्या उजव्या हाताला,” आप्पा सांगत, “इतका जवळ की गिअर टाकताना कोपर लागायचं. तीन दिवस राजा माझा उजवा हात होता बघ!” मग स्वतःच हसत. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी राजाने आपली दुर्बीण काढून आप्पांच्या हातात दिली होती. हे सांगताना मात्र ते हसत नसत.

बाई नऊ वर्षांच्या असताना त्यांनी ही गोष्ट वर्गात मोठ्या ऐटीत सांगितली. गुरुजी म्हणाले, “फोटो आण.” फोटो नव्हता. “ड्रायव्हरचा फोटो कोण काढतो, पोरी?” आप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग हसला आणि पुढची दोन वर्षं पोरं त्यांना ‘राजकन्या’ म्हणून चिडवत राहिली. ती लाज बाईंच्या पोटातून कधी गेली नाही. आई असेपर्यंत म्हणायची, “सांगू दे की गं, कोणाचं काय जातं त्यात?” पण बाईंचं गेलं होतं. आप्पा गोष्ट सांगायला लागले की त्या उठून भांडी आवरायला जात.

यंदा वाहिनीने नेमका त्याच राजावर माहितीपट काढला: पक्ष्यांपायी राज्यकारभार विसरणारा राजा, त्याचे प्रवास, त्याची वेडं. दिग्दर्शकाला सगळे ‘दरबारी’ म्हणतात, कारण राजघराण्याशिवाय दुसऱ्या विषयाला तो हात लावत नाही. दरबारीने वाहिनीवरून आवाहन केलं होतं की ही भेट आठवणारं कोणी असेल तर कळवा. मग एक दिवस बाई कच्चा माहितीपट तपासायला बसल्या, चष्मा पुसला, बटण दाबलं आणि बाविसाव्या मिनिटाला पडद्यावर आप्पा आले.

इस्त्रीचा सदरा, केस पाण्याने चापून बसवलेले. “तीन दिवस राजा माझा उजवा हात होता,” आप्पा अख्ख्या जगाला सांगत होते.

बाईंच्या कानशिलावर कोणी मारल्यासारखं झालं. पन्नास वर्षांपूर्वीचा तो वर्ग पुन्हा हसायला लागला. त्या तडक दरबारीच्या खोलीत गेल्या.

“हे कोणी आणलं?”

“त्यांनी स्वतः फोन केला बाई. तुमचे वडील आहेत हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. म्हणाले, तिला सांगू नका, टीव्हीवर बघू दे.” दरबारी जरा घुटमळला. “तुम्हाला अवघड होत असेल तर तपासणी बाहेर कोणाकडून करून घेऊ.”

“का? माझे वडील म्हणून मी सोडीन असं वाटतं तुम्हाला?”

“उलट वाटतं,” दरबारी म्हणाला, आणि ते खरं होतं. पण शुक्रवारी संध्याकाळी माहितीपटाची शेवटची प्रत पक्की व्हायची होती, त्यानंतर एक शब्दही बदलता आला नसता. बाई म्हणाल्या, मीच करते.

पुरावा म्हणून जुन्या संग्रहात अकरा सेकंदांचं एक काळं-पांढरं चित्रण होतं. तळ्याकाठचा अरुंद रस्ता, बाजूने जाणारी उघड्या टपाची गाडी, पुढे दोन माणसं. एक राजा, गळ्यात दुर्बीण. दुसरा ड्रायव्हर, टोपीच्या सावलीत तोंड बुडालेलं. बाईंनी ते अकरा सेकंद चाळीस वेळा पाहिले. आणि त्यांना हवं होतं ते मिळालं. राजा ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बसला होता.

डाव्या! म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे या शहरातल्या झाडून सगळ्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. राजाच्या बेटावर मात्र उजवीकडे. बाईंचं डोकं भराभर चाललं. म्हणजे गाडी इथली नव्हतीच. राजाने जहाजातून आपली आणली असणार. आणि आपली गाडी आणणारा राजा ड्रायव्हर काय भाड्याने घेईल? तोही त्याचाच. गॅरेज खोटं, ताप खोटा, कोपर खोटं. बाईंनी लाल पेन उघडलं आणि बाविसाव्या मिनिटासमोर लिहिलं: ‘साक्षीदार अविश्वसनीय. काढावे.’ सही करताना हात जरासुद्धा थरथरला नाही, याचा त्यांना अभिमानही वाटला. बाप असला म्हणून काय झालं?

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारायला सुरुवात केली. खोटा खिळा वगैरे काही नाही. गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला कशाला खिळे ठोकायचे?

“आप्पा, गाडी कोणाची होती?”

आप्पांना कळलं की हिने पाहिलं. ते आधी खुलले. “पाहिलंस? सदरा बरा दिसत होता ना?”

“गाडी कोणाची?”

“आपल्या गॅरेजची.”

“स्टिअरिंग कुठल्या बाजूला?”

“डावीकडे. गाड्यांचं असतं तिथेच.”

“मग चित्रणात उजवीकडे कसं? राजा ड्रायव्हरच्या डावीकडे बसलाय. माझ्याकडे पुरावा आहे, आप्पा. अकरा सेकंद.”

आप्पांचा घास हातातच राहिला. “डावीकडे?”

“डावीकडे.”

“पण कोपर...” त्यांनी आपलं उजवं कोपर उचलून पाहिलं, जणू तिथे काही खूण राहिली असेल. “माझं हेच कोपर लागायचं गं.”

“तुम्ही कुठूनतरी ऐकलं असेल. गॅरेजात कोणी सांगितलं असेल. इतकी वर्षं सांगून सांगून तुम्हालाच खरं वाटायला लागलं. होतं असं. माझ्याकडे रोज असले लोक येतात.”

आप्पांनी हातातला घास परत ताटात ठेवला. भांडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांच्याकडे आणखी मुद्दे तयार होते. पण आप्पा म्हणाले, “तू म्हणतेस तर नसेल. तुझं कामच आहे ते.”

सकाळी त्यांनी स्वतः दरबारीला फोन केला. माझी आठवण चुकली असेल, माझं बोलणं काढून टाका, लोकांची दिशाभूल नको. आणि त्या दिवसापासून टीव्ही बंद. बाई कामावरून आल्या की घर शांत, आप्पा खुर्चीत, समोर काळा पडदा. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, आजोबांची तब्येत बरी आहे ना? बाईंनी ‘हो’ म्हणून सांगितलं आणि मनात म्हटलं, होईल सवय. खऱ्याची सवय व्हायला वेळ लागतोच.

शुक्रवारी दुपारी बाई राजाच्या तसबिरींच्या तारखा जुळवत होत्या. सतरा तसबिरी. सतराही तसबिरींत राजाचा भांग डाव्या बाजूला. बाईंची नजर सवयीने अडकली. चित्रणात भांग कुठे होता? त्यांनी ते अकरा सेकंद लावले. उजवीकडे! कोटाचा खिसा आणि त्यातला रुमालही उजव्या छातीवर. बाई ताठ झाल्या. आता संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की ते राजाला तरी का सोडेल? त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं: ‘चित्रणातील राजा हा राजा नसावा. तोतया?’

कागद घेऊन त्या तळघरात संग्रहात गेल्या. तिथली रीळबाई त्यांच्या बरोबरीची. तिने कागद वाचला, अकरा सेकंद पाहिले आणि खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसली.

“अगं तोतया कसला! पालथं आहे हे.”

“काय पालथं?”

“दृश्य गं! आधीच्या दृश्यात गाडी डावीकडून उजवीकडे जाते, आणि ह्याच्यात मुळात उलट जात असणार. बघणाऱ्याला वाटेल, गेलेली गाडी परत आली. म्हणून जुन्या संकलकांनी फिल्म पालथी घालून जोडून टाकली. आरशात बघितल्यासारखं. दर वर्षी नव्या लोकांना हे तूच शिकवतेस ना?”

शिकवत होत्या. ‘कुठल्याही जुन्या चित्रणात उजवं-डावं ठरवण्याआधी फिल्मची कड बघा,’ हे वाक्य त्यांचंच होतं. रीळबाईने डबा काढला, पट्टी दिव्यावर धरली. कडेवर फिल्म-कंपनीची बारीक अक्षरं होती, सगळी उलटी.

घुबडाच्या पायातली कडी त्यांना दिसली होती. इथे मात्र त्यांनी कड पाहिली नव्हती, कारण पाहायचीच नव्हती. पन्नास वर्षं साप साप म्हणून भुई धोपटत होत्या, आणि खाली बाप होता.

“सुलट करून दाखव,” बाई म्हणाल्या. 

रीळबाईने दृश्य फिरवलं. गाडी आता दुसऱ्या दिशेला निघाली. स्टिअरिंग डावीकडे. राजा उजवीकडे, ड्रायव्हरला खेटून. तोंड अजूनही टोपीच्या सावलीतच होतं. पण ड्रायव्हरच्या डाव्या हाताची तर्जनी स्टिअरिंगला न टेकता वर उभी होती. आप्पा आजही काठी धरताना, कप धरताना डाव्या हाताची तर्जनी तशीच वर ठेवतात. आई म्हणायची, ह्यांचं एक बोट कायम संपावर. बाईंना रडू आलं आणि रीळबाईसमोर त्यांनी ते लपवलंही नाही.

दरबारी म्हणाला, “सहापर्यंत थांबतो. पण त्यांनी स्वतः माघार घेतलीय. मला त्यांची संमतीपत्रावर नव्याने सही हवी, आणि तपासणीच्या कागदावर तुमची.”

चार वाजता बाई घरी पोचल्या. आप्पा खुर्चीत, पडदा काळा. बाईंनी सगळं सांगितलं: भांग, रुमाल, पालथी फिल्म, बोट. मोबाइलवर सुलट केलेलं दृश्य दाखवलं. आप्पांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि परत दिलं.

“असेल कोणीतरी.”

“आप्पा, तुम्ही आहात हे!”

“तोंड कुठे दिसतंय? टोपी घातलेले सगळे ड्रायव्हर सारखेच. आणि बोट काय, कोणीही वर करतं.” मग मुलीकडे जरा बाजूने बघत म्हणाले, “मला बरं वाटावं म्हणून सांगतेस ना? टीव्ही लावत नाही म्हणून?”

“मी कधी कोणाला बरं वाटावं म्हणून काही सांगितलंय?”

“तेही खरंच.” आप्पा म्हणाले. “पण मला आता खात्री नाही गं. रात्रंदिवस आठवून बघतोय. जितकं आठवतो तितकं पुसट होतंय. खात्री नसलेलं कॅमेऱ्यापुढे बोलू नये. तूच म्हणतेस.”

हे आपण केलं, हे बाईंना लख्ख कळलं. चोरांसाठी ठेवलेला संशय त्यांनी घरात आणून म्हाताऱ्याच्या पानात वाढला होता. मग त्यांनी तीस वर्षं जे केलं तेच केलं. खुर्ची ओढली, वही उघडली, पेन काढलं. आणि पहिल्यांदाच वडिलांना खोटा खिळा ठोकायला घेतला.

“चार दिवस चालवलीत ना गाडी?”

चार नव्हे, तीन. आप्पा म्हणाले, “चार असतील.”

“राजाने तिसऱ्या दिवशी दुर्बीण दिली.”

दुसऱ्या दिवशी. आप्पांनी मान डोलावली. “असेल.”

 त्यांच्याच नियमाने समोरचा माणूस खोटा ठरत होता. “सरकारी ड्रायव्हरचा पाय मोडला होता, म्हणून तुम्हाला बोलावलं.”

“तू म्हणतेस तर तसंच.”

घड्याळात पाच वाजत आले होते. बाईंनी पेन खाली ठेवलं. आता विचारायला काही उरलं नव्हतं. सगळी गोष्ट त्यांना पाठ होती आणि आप्पांना राहिली नव्हती. नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून, पडद्यावर जे पाहिलं होतं तेच त्यांच्या तोंडून निघालं.

“छान होती मात्र गाडी. काळी कुळकुळीत.”

“काळी?”

आप्पा खुर्चीत सरळ झाले.

“काळी कोण म्हणतं? हिरवी होती! गडद हिरवी, दारांवर पिवळी रेघ. काळी! तीन दिवस पहाटे पाचला उठून मी धुतलीय ती गाडी, तीन दिवस, या हातांनी. ऊन पडलं की तळ्यासारखी दिसायची. राजासुद्धा म्हणाला होता, चांगली गाडी आहे, पाखरं घाबरत नाहीत. आणि म्हणे काळी! डोळे तपासून घे.”

 चित्रण काळं-पांढरं. तो हिरवा रंग जगात एकाच माणसाकडे होता, आणि तो त्याला आजवर कोणी विचारलाही नव्हता. सगळे राजाचं विचारत होते. आणि तीन दिवस, हेही आप्पा दोनदा बोलून गेले होते.

त्यांनी तपासणीचा कागद काढला. ‘गाडी गडद हिरवी, दारांवर पिवळी रेघ’ असं लिहिलं. पुढे दोन रकाने होते. पहिल्या पुराव्यासमोर त्यांनी लिहिलं, ‘आप्पा.’ दुसऱ्या पुराव्यासमोर पेन थबकलं.

“दुसरा कोण?” आप्पांनी मान लांब करून विचारलं. “दुसरा लागतो ना तुमच्यात?”

बाईंनी लिहिलं, ‘मी. पन्नास वर्षं ऐकते आहे. गोष्टीत एक शब्द बदललेला नाही.’ आणि खाली सही केली. या वेळी हात थरथरला.

“चुकले मी, आप्पा,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्षांची होते तेव्हापासून चुकले.”

 आप्पांनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग उजेडात धरून मुलीची वाकडीतिकडी सही बारकाईने पाहिली.

“ही सही तुझीच कशावरून?” ते म्हणाले.

बाई हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. आप्पांनी पेन उजव्या हातात घेतलं, डाव्या हाताने संमतीपत्र दाबून धरलं, त्या हाताचं एक बोट वर ठेवून, आणि सावकाश सही केली. मग म्हणाले, “जा लवकर, सहा वाजतील. आणि जाताना तो टीव्ही लाव.”